लिहिण्याआधी बोलायची खोली

आपल्या सीमाभागातलं पोर घरात आजीशी मराठीत बोलतं, शेजारच्या अक्कांशी कन्नडात, बसमध्ये कंडक्टर ज्या भाषेत ओरडेल त्या भाषेत, आणि क्रिकेटच्या मैदानावर हिंदीत भांडतं. तीन-तीन भाषांत भांडू शकणारं हे पोर पीयूसी होऊन डिग्रीला येतं आणि इंग्रजीत चार पानांची असाइनमेंट लिहायची म्हटलं की एकदम गप्प होतं. ‘सर, बोलायला येतंय, लिव्हायला येत नाही,’ हे वाक्य मी नोकरीच्या इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही.

पालकांना यावर एकच उपाय ठाऊक असतो. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचा. त्यात वाईट काही नाही; चारचौघांत उभं राहायचा धीर येतो, मुलाखतीला उपयोग होतो. पण लिहिण्याचं दुखणं वेगळं आहे. ते इंग्रजीचं आहे असं आपल्याला वाटतं, आणि अर्धंअधिक ते इंग्रजीचं नसतंच. काय सांगायचं आहे हेच पोराला उमगलेलं नसतं. मग गाइडमधली वाक्यं उचलून ठेवायची, मध्ये ‘दॅट इज व्हाय’ आणि ‘ऑन द अदर हँड’ पेरायचं आणि शेवटी सही करून मोकळं व्हायचं.

मी इतिहास शिकवतो. भाषा शिकवणं हे माझं काम नाही, असं म्हणून मला मोकळं होता येतं, आणि माझे कित्येक सहकारी होतातही. पण पोराला इतिहास कळला की नाही हे मला त्याच्या लिखाणातूनच कळतं; दुसरा मार्गच नाही. म्हणून आमच्या कॉलेजातल्या एका खोलीबद्दल आज लिहितो आहे.

ग्रंथालयाच्या मागे एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथं जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे आणि त्यांच्यावर एक मांजर. इंग्रजी विभागाच्या आमच्या मॅडमनी ती प्राचार्यांकडून मागून घेतली. दोन टेबलं, सहा खुर्च्या, एक इंग्रजी-कन्नड आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश, आणि शेवटच्या वर्षाची पाच मुलं-मुली, एवढं भांडवल. दुपारी दोन ते साडेचार ही पाच जणं आळीपाळीनं तिथं बसतात. ज्याला काही लिहायचं आहे त्यानं यायचं, वहीत नाव घालायचं आणि अर्धा तास बसायचं. आणलेलं लिखाण त्यानंच मोठ्यानं वाचायचं. समोरच्या मुलानं किंवा मुलीनं ऐकायचं आणि विचारायचं. पेन मात्र शेवटपर्यंत लिहिणाऱ्याच्याच हातात राहील. मदत करणाऱ्यानं त्याच्या कागदावर एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही, असा मॅडमचा कडक नियम आहे. दारावर पाटी कुठल्या भाषेत लावायची आणि कुठली भाषा वर घ्यायची, हा आपल्या गावचा सनातन प्रश्न. मॅडमनी त्यावर सोपा तोडगा काढला. पाटी लावलीच नाही. पोरं तिला ‘मागची खोली’ म्हणतात.

स्टाफरूममध्ये तिचं बारसं वेगळंच झालं. ‘लाँड्री’. एखादी असाइनमेंट फारच मळकी निघाली की आमच्यातला कुणीतरी म्हणायचा, ‘याला लाँड्रीत टाका.’ म्हणजे कपडे द्यायचे, संध्याकाळी धुऊन-इस्त्री करून घ्यायचे, आणि धोबी काय करतो ते बघायला जायचं नाही. दुसरीकडं नॅकच्या तयारीत ही खोली ‘स्लो लर्नर’च्या रकान्यात जाऊन बसली. ज्या खोलीत गेल्यानं आपल्या कपाळावर ‘स्लो’ असा शिक्का बसतो, तिथं कुठलं पोर आपल्या पायानं जाईल? पहिल्या वर्षी जी थोडी मुलं आली ती बहुतेक शिक्षा म्हणून पाठवलेली होती, आणि शिक्षेला पाठवलेलं पोर जसं बसतं तशीच ती बसली.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेत अशा खोल्या कॉलेजाकॉलेजांत आहेत. ‘रायटिंग सेंटर’ म्हणतात. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात म्युरिएल हॅरिस या बाईंनी 1976 मध्ये एक सुरू केलं. त्याचीच इंटरनेटवरची लेखन-मदतीची पानं आज जगभरची पोरं फुकट वाचतात, आमचीही वाचतात. 1984 मध्ये स्टीफन नॉर्थ या प्राध्यापकानं या केंद्रांवर एक लेख लिहिला. तो बराचसा रागानंच लिहिलेला आहे, आणि राग कुणावर, तर आपल्याच इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांवर. त्यांना वाटायचं, ही बिघडलेले निबंध दुरुस्त करायची जागा आहे. नॉर्थचं म्हणणं असं की आमचं लक्ष हातातल्या निबंधावर नसतं, तो लिहिणाऱ्या माणसावर असतं. आज हा निबंध किती सुधारला ते गौण; पुढचा निबंध तो कसा लिहील ते महत्त्वाचं. वाचून मला बरं वाटलं. लाँड्री इथून तिथून सगळीकडं आहे.

पण मला जास्त जवळची वाटली ती त्याच्या आधीची न्यूयॉर्कची गोष्ट. तिथल्या सिटी विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या 1969 च्या आंदोलनानंतर, 1970 पासून, शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना दारं उघडली. कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोतून आलेल्यांची, आणखी कुठून कुठून स्थलांतर करून आलेल्यांची मुलं वर्गात येऊन बसली. घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात गेलेलं. त्यांचं लिखाण बघून कित्येक प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. सिटी कॉलेजच्या मीना शॉनेसी या बाईंनी मात्र त्या पोरांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे 4000 निबंध वाचले. नुसते वाचले नाहीत, चुका गोळा केल्या, त्यांची वर्गवारी केली, आणि 1977 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की या चुका आळशीपणाच्या किंवा मंदबुद्धीच्या नाहीत. प्रत्येकीच्या मागं काहीतरी हिशेब आहे. पोर आपल्याजवळ जे नियम आहेत ते लावून बघतंय. पुस्तक निघाल्यावर पुढच्याच वर्षी बाई गेल्या.

(मीना हे नाव वाचून मी आधी त्या आपल्याकडच्या असतील असं समजलो होतो. नव्हत्या, पण आमच्या कॉलेजात त्या चांगल्या शोभल्या असत्या.)

हिशेब म्हणजे काय ते आपल्या घरातली भाषा कानावर घेतली की लगेच कळतं. आपण म्हणतो, ‘मला ताप आलाय.’ कन्नडात म्हणतो, ‘ननगे ज्वर बंदिदे.’ दोन्हीकडं ताप चालत येतो आणि आपण नुसते बसलेले असतो. पोर जेव्हा सुट्टीच्या अर्जात ‘फीव्हर हॅज कम टू मी’ असं लिहितं तेव्हा त्याचं व्याकरण पक्कं आहे. भाषा तेवढी दुसरी आहे. किंवा ही लांबलचक वाक्यं बघा. ‘बाजारात जाऊन, भाजी घेऊन, बस चुकवून, चालत घरी आलो.’ कन्नडातही तसंच, ‘होगि’, ‘माडि’, ‘बंदु’ अशी साखळी करत करत शेवटी एकदा क्रियापद आणून सोडायचं. इंग्रजीत हे करायला गेलं की ‘बाय गोइंग’, ‘बाय टेकिंग’ अशी मालगाडी होते आणि इंजिन सापडत नाही. इंग्रजीतला ‘द’ तर आपल्या दोन्ही भाषांत नाहीच. तो कुठं घालायचा हे आमच्या पोरांना आयुष्यभर नीटसं कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही प्रत्येक वेळी कळतंच असं नाही.

मराठीतही तेच. आमच्या मुली ‘मी गेलो’, ‘मी आलो’ असं सहज लिहितात आणि पुण्याकडचा परीक्षक त्याखाली लाल रेघ मारतो. कन्नडात ‘नानु होगुत्तेने’ बाईनं म्हटलं काय अन् पुरुषानं म्हटलं काय, क्रियापद बदलत नाही. शेजारधर्म म्हणा. लाल रेघ मारून ही गोष्ट पोरीला कळत नाही. कुणीतरी समोर बसून, ‘हे तू असं का लिहिलंस?’ असं विचारलं तर कळते.

आणि ते विचारणारा मास्तर नसला तर जास्त बरं. न्यूयॉर्कमध्येच, ब्रुकलिन कॉलेजात, केनेथ ब्रफी यांना सत्तरच्या दशकात हा अनुभव आला. मदतीची सोय केली, पण पोरं यायला तयार नव्हती. मास्तरांच्या वर्गाला जोडून मास्तरांचीच आणखी एक खोली असं त्यांना वाटायचं. तेव्हा मास्तरांना बाजूला करून पोरांनाच पोरांच्या मदतीला बसवलं, आणि मग गर्दी होऊ लागली. आमच्याकडं ‘सर’ म्हटलं की पोर ताठ उभं राहतं. ‘अक्का’ म्हटलं की टेकून बसतं. आणि अक्का हा शब्द दोन्ही भाषांत आहे, ही केवढी सोय!

आता एका पोराचं सांगतो. नाव सांगत नाही. खानापूर तालुक्यातला, नंदगडजवळच्या खेड्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला धडपडत इंग्रजी. रोज एसटी... चुकलो, आपल्याकडं केएसआरटीसी म्हणायचं तेही आता खरं नाही, वायव्य कर्नाटक परिवहन. तर त्या बसनं यायचा. पहिल्या दोन सत्रांत अंतर्गत गुण इतके कमी की वडील कॉलेजात आले. उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणारा माणूस, हातावर भाजल्याचे डाग. म्हणाले, ‘सर, आतूनच नापास व्हायलाय तर कशाला वरीस घालवायचं? साहेबांशी बोललोय. सोमवारपासून येऊ दे म्हणालेत.’ मी म्हटलं, एक असाइनमेंट बघू या. ते काही बोलले नाहीत. पण सोमवारी पोराला नेलं नाही.

विषय होता कित्तूरचा 1824 चा उठाव. त्यानं जे लिहून आणलं ते मला पाठ होतं, कारण ते गाइडमध्ये आहे. कारण पहिलं, कारण दुसरं, कारण तिसरं. मी त्यावर एकच ओळ लिहिली, की तुझ्या गावाचा या गोष्टीशी काय संबंध आहे ते मला यात दिसत नाही. आणि त्याला मागच्या खोलीत जायला सांगितलं. सांगितलं म्हणजे हुकूम केला नाही. प्रश्नाचा कागद, माझी ती ओळ आणि मला या असाइनमेंटमध्ये काय हवं आहे त्याच्या चार ओळी, एवढं एका पिनला लावून दिलं.

त्या दुपारी टेबलावर जी मुलगी होती ती बैलहोंगलची. घरची भाषा कन्नड, मराठी समजते, बोलताना अडखळते. तिनं त्याला वाचायला लावलं. वाचता वाचता तोच दोनदा थांबला, कारण वाक्य कुठं संपतं ते त्यालाच सापडेना. मग तिनं कागद पालथा घातला आणि विचारलं, तुमच्या गावात राणीचं काय सांगतात? तो म्हणाला, राणीचं नाही, आमच्यात रायण्णाचं सांगतात. संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये फाशी दिली ती नंदगडला. त्याची समाधी आणि तिथला वड हे त्याच्या रोजच्या वाटेवरचं. ती बैलहोंगलची, म्हणजे राणी चन्नम्मा जिथं कैदेत राहून 1829 मध्ये गेली त्या गावची. तिच्या लहानपणी शाळेची सहल चालतच राणीच्या समाधीला जायची. एकाच गोष्टीच्या दोन टोकांची दोन पोरं टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती आणि अर्धा कन्नड, अर्धा मराठी असा वाद चालला होता. अर्ध्या तासाचा नियम त्या दिवशी मोडला. शेवटी ती म्हणाली, ‘इदन्न बरी.’ हेच लिही.

त्यानं तेच लिहिलं. दुसऱ्या कच्च्या लिखाणात एक प्रश्न आला जो गाइडमध्ये नाही. ऑक्टोबर 1824 मध्ये धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरला मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, राणी कैद झाली. मग हरलेल्या लढाईसाठी रायण्णाबरोबर खेड्यापाड्यांतली माणसं पुन्हा का उठली? त्यानं दिलेलं उत्तर अर्धवट होतं. वडाखाली लोक काय नवस बोलतात तेही त्यानं पुरावा म्हणून घातलं होतं. इथं माझं काम आलं. आज लोक काय सांगतात यावरून 1831 मध्ये काय घडलं ते सिद्ध होत नाही. लोकांनी ते कसं लक्षात ठेवलं एवढं मात्र सिद्ध होतं, आणि तोही इतिहासच आहे. हा फरक बैलहोंगलची मुलगी त्याला सांगू शकली नसती. ती कॉमर्सची. तिला तो ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि त्याला बोलतं करणं मला जमलं नसतं, कारण माझ्यासमोर तो ताठ उभा राहतो.

वीसपैकी तेरा दिले. इंग्रजी अजून खडबडीत होतं. ‘द’ जिथं नको तिथं होता आणि हवा तिथं नव्हता. पण वाक्यं त्याची होती. तो कॉलेजात राहिला, सेकंड क्लासमध्ये बी. ए. झाला. वडील पुन्हा कॉलेजात आले नाहीत. माझ्या मते ती त्यांची पावतीच.

यातून आम्हा मास्तर लोकांना घेण्यासारखं काय, असं एका सहकाऱ्यानं मला विचारलं. तो अर्थशास्त्राचा, त्याला मुद्दे हवेत. मी त्याला म्हटलं, पहिली गोष्ट तारीख बदल. आपण असाइनमेंट द्यायची आणि महिन्यानं गोळा करायची, मधे काहीच नाही. मग पोर आदल्या रात्री लिहिणार आणि ती खोली तुझ्या काय उपयोगाची? मी आता पंधरा दिवस आधी कच्चं मागतो. त्याला गुण नाहीत. त्यावर मी व्याकरणाची एकही चूक दाखवत नाही, एकच प्रश्न लिहितो. दहा चुकांना गोल केले की पोर दहा गोल दुरुस्त करतं आणि मजकूर तसाच राहतो.

दुसरं, सगळ्या वर्गाला सक्ती करू नकोस. आमच्याकडं एकदा ते झालं. साठ पोरांनी शेवटच्या दोन दिवसांत रांग लावली, प्रत्येकाला फक्त चिठ्ठीवर सही हवी होती, आणि टेबलावरची बिचारी मुलं पोस्टातल्या शिक्का मारणाऱ्यासारखी बसली. त्यापेक्षा वर्गात सहज म्हणावं की मीही लिहिलेलं काही छापायला देण्याआधी कुणालातरी वाचायला देतो. (देतो. हा लेखसुद्धा बायकोनं वाचला आहे आणि मांजराचं वाक्य तिच्या आग्रहावरून ठेवलं आहे.) हुशार पोरांनाही पाठवावं. पहिल्या बाकावरची मुलगी तिकडं गेलेली दिसली की ‘स्लो’चा शिक्का आपोआप पुसला जातो.

आणि तिथं काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. खोलीतली वही खोलीतच राहते. पोरानं स्वतःहून सांगितलं तर ऐकावं. मास्तरला सगळं कळतं असं झालं की ती खोली पुन्हा मास्तरचीच होते.

पालकसभेत या खोलीबद्दल बोललो तेव्हा एका आईनं फार नेमका प्रश्न विचारला. ‘सर, दुसऱ्या पोरीनं मदत केली म्हणजे कॉपीच की हो ती?’ मी त्यांना पेनाचा नियम सांगितला. त्यांना पटला असावा, कारण शेजारच्या बाईंना त्यांनी तो लगेच कन्नडात सांगितला. त्याच सभेत दुसरी शंका आली, की तिथं सगळं मराठी-कन्नडात बोलतात मग इंग्रजी सुधारणार कसं? हिचं उत्तर थोडं लांब आहे. विचार ज्या भाषेत मोकळा होतो त्या भाषेत आधी तो होऊ द्यावा. कागदावर इंग्रजी नंतर येतं, हळूहळू येतं, पण मग ते कशाचं तरी इंग्रजी असतं. भाषांची सरमिसळ झाली की सगळ्याच बिघडतात ही भीती आपल्या भागात तरी कुणी धरू नये. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी आणि 1973 चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. त्यांच्या घरी-दारी काय शुद्ध एकच भाषा होती थोडीच!

घरी काय करता येईल, असंही विचारलं गेलं. करता येतं, आणि त्याला इंग्रजी येण्याची गरज नाही. पोर लिहीत बसलं की त्याला म्हणावं, काय लिहिलंस ते मला आपल्या भाषेत सांग. सांगताना अडलं की फक्त विचारावं, ‘म्हणजे काय रे?’ आजी हे काम सगळ्यात चांगलं करते. तिला खरोखरच कळलेलं नसतं.

हल्ली एक नवीन गोष्ट झाली आहे. 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात आमच्या बसथांब्यावरच्या पोरांच्याही मोबाइलवर पोचलं. आता गाइडची गरज उरलेली नाही. प्रश्न टाकला की चार पानं गुळगुळीत इंग्रजीत खाली पडतात, सगळे ‘द’ जागच्या जागी. काही सहकारी म्हणाले, आता मागची खोली बंद करा, धुलाई यंत्रानं होते. मला उलट वाटतं. त्या चार पानांत नंदगडचा वड येत नाही, कारण यंत्राला कुणी ‘तुमच्या गावात काय सांगतात’ हे सांगितलेलं नसतं. खोलीतल्या मुलांनी आपणहून एक युक्ती काढली आहे. कुणी असं गुळगुळीत लिखाण आणलं की ते त्याला ओरडत नाहीत, मोठ्यानं वाचायला लावतात. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचणाऱ्याचाच चेहरा पडतो.

खोलीच्या अडचणी आहेतच. शेवटच्या वर्षाची मुलं मे महिन्यात निघून जातात आणि जूनमध्ये मॅडमना पुन्हा नवी पाच शोधावी लागतात, शिकवावी लागतात. त्यांना मिळतं काय, तर एक प्रमाणपत्र आणि कँटीनचा चहा. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना तासाचे थोडे तरी पैसे द्यावेत. मॅनेजमेंटपुढं विषय दोनदा गेला आणि दोनदा पुढच्या बैठकीवर गेला. कोरोनाच्या काळात 2020 मध्ये खोलीला कुलूप होतं तेव्हा याच मुलांनी फोनवरून कित्येकांचं लिखाण ऐकलं, तेही स्वतःच्या रिचार्जवर.

मी मात्र अलीकडं तिथं माझंही काम घेऊन जातो. प्रश्न काढला की वर्गात देण्याआधी त्या पाच जणांना वाचून दाखवतो. ‘चिकित्सा करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘चर्चा करा’ हे शब्द आम्ही विद्यापीठाच्या जुन्या पेपरांतून जसेच्या तसे उचलत आलो आहोत, आणि यातल्या प्रत्येकाला पोरं ‘माहिती लिहा’ असंच वाचतात, हे मला त्या टेबलावर कळलं. गेल्या जुलैत बैलहोंगलकडचाच एक नवा मुलगा तिथं होता. माझा प्रश्न ऐकून म्हणाला, ‘सर, ह्याच्यात तुम्हाला नक्की काय पायजे री?’ मी सांगायला लागलो. तो शांतपणे ऐकत होता. सांगून झाल्यावर त्यानं माझं पेन माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाला, ‘मग हेच लिवा की सर.’